करपट

क्लेम स्टॅमरनं यंत्र काउंटरवर ठेवलं
आणि एकच शब्द म्हणाला : करपट.
आमच्या दुकानात लोक म्हणतात जळकं, म्हणतात घाण,
शुक्रवारी रात्री त्याहून वाईटही म्हणतात.
मी विचारलं, म्हणजे जळकं ना?
त्यानं जीभ टाळूला लावून पाहिली.
जळकं वरून लागतं, म्हणाला. हे बुडातून येतंय.
तू दाखवलंस तसंच केलं होतं मी.

ग्रिम्सबी, गोदीमागचा रस्ता, फेब्रुवारी.
काचेवर खाऱ्या वाऱ्याचा चिकट पापुद्रा.
मी यंत्र उघडलं.
तारेची दोन वेटोळी, त्यानंच वळलेली, जरा तिरकी;
बोटं आता ऐकत नाहीत, म्हणाला.
आट्यांमध्ये कारखान्याचं तेल राहतं कधी कधी,
म्हणून सगळं साबणाच्या कोमट पाण्यात, मग ब्रश, मग फडकं.
कापूस न घालता बटण दाबलं.
वेटोळी कडांना लाल, मध्ये काळी.
उलट हवं असतं. चिमट्यानं चेपली, दाबलं,
पुन्हा चेपली,
शेवटी दोन्ही एकदम उजळली, आतून बाहेर.
कापूस नवा. द्रव तेच, हिरव्या सफरचंदाचं.
त्यानं झुरका घेतला.
मला विचारावं लागलं नाही.

मंगळवारी परत.
मी तार बदलली. साठ वॉटवरून चाळीसवर आणलं.
द्रवाचा वास घेतला : साखर फार,
जॅम पातेल्याला धरावा तशी तारेवर काजळी धरते.
माझ्या पैशानं दुसरी बाटली दिली.
त्यानं बाहेर पदपथावर उभं राहून ओढून पाहिलं
आणि काचेतूनच मान हलवली.

तिसऱ्या खेपेला दुकानात कोणी नव्हतं.
केझाया, म्हणाला, तू कापूस कसा घालतेस ते दाखव.
मी दाखवला. सगळ्यांना शिकवते तसाच :
जाड पीळ, वेटोळ्यातून ओढून काढायचा, जोर लागला पाहिजे,
मग टोकं खाली ठासायची, गळती नको म्हणून.
तो हसला, आवाज न करता, खांद्यांनी.

एक्केचाळीस वर्षं त्यानं हॅडॉक धुरावला होता.
मासे इतके दाटीनं टांगले असतेस, म्हणाला,
तर माझ्या बापानं तुला जेवणाच्या सुट्टीआधीच घरी धाडलं असतं.
दोन माशांत बोटभर जागा. धुराला वाट लागते.
जिथं चिकटले तिथं आत कच्चे, वर कडू.
आणि भुसा : कोरडा असला की भडकतो,
ओला असला की रडतो आणि अख्खी भट्टी नासवतो.
त्याला धुमसू द्यायचं.
हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता,
खिशातल्या कंगव्यानं कापूस विंचरत होता.
(तो कंगवा धुतलेला होता का, मी विचारलं नाही.)

निम्मा कापूस त्यानं टाकून दिला.
उरलेला सैल, सहज सरकणारा.
टोकं तिरपी कापली, खाली नुसती टेकवली,
झोपलेल्या पोराचे पाय पांघरुणात घ्यावेत तशी.
वरून थेंब सोडले. मी बटणाकडे हात नेला.
थांब. भिजू दे.

पाच मिनिटं.
त्या दुकानात मी कधी पाच मिनिटं थांबले नव्हते.
बाहेर एक सीगल चिप्सच्या कागदाशी भांडत होता.
मग त्यानं ओढलं, नाकानं सोडलं,
आणि जरा नाराजीनंच म्हणाला : सफरचंद.
त्याला बहुधा आणखी काही अपेक्षित होतं.
मफलर गुंडाळून गेला. दुसऱ्या बाटलीचे पैसे ठेवून गेला.

दोन वर्षं मी या गावाला कापूस ठासायला शिकवलं.
किती जण परत आलेच नाहीत;
त्यांना वाटलं असेल, हे असंच लागतं.

रात्री शटर अर्धं ओढून
माझं स्वतःचं यंत्र उघडलं.
कापूस निघता निघेना. बुडाशी तपकिरी, दगडासारखा.
आणि मी समजत होते
ही माझी जीभ.